रिकाम्या गाडीचं वजन

चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे शोधत बसायला नको.

आमच्या ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. दाखले काढणं, घरपट्टीच्या पावत्या छापणं, योजनांचे फॉर्म भरणं आणि 'आज साइट बंद आहे' हे दिवसातून चाळीस वेळा सांगणं, ही माझी कामं. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. "ओ कंप्युटर, मन्हा दाखला काढ ना," असंच. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही माझ्याच गळ्यात आहे. 'ग्रामपंचायत अधिकृत सूचना', चारशे सदतीस माणसं. नळाला पाणी कधी येणार यापलीकडे त्यावर काही टाकायचं नाही असा नियम आहे. नियम मीच टाइप केला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या ग्रुपवर पितांबर नानांचा एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. टाकायचा होता 'आपली पोरं'वर, तिथे आम्ही नऊ टवाळ आहोत. बोट एक ओळ खाली घसरलं. लगेच लक्षात आलं, मी व्हिडिओ पुसायला गेलो. फोननं विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुझ्यासाठी? साऱ्या गावाचे ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या माणसानं 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. व्हिडिओ माझ्या फोनमधून गेला, बाकी चारशे छत्तीस फोनांत राहिला. मला दिसेना, म्हणून मी समजलो की संपलं, आणि निवांत चहा प्यायला गेलो.

व्हिडिओत नाना जब्बारचाचांच्या पंक्चरच्या दुकानात जुन्या टायरवर बसलेत. मफलर कानांवरून गुंडाळलेला. आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे आहे आणि 'शेत' म्हणजे आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. म्हणतात, "साहेब देशभक्त शेत, हाई कोनी तोलं? भरेल गाडी मोठी दिखसच. रिकामी तोला, मंग सांगा ऊस कितला व्हता."

मागे कुणीतरी खिदळतं. तो मी.

साहेब म्हणजे दिल्लीतले मोठे नेते. नाव लिहीत नाही. तुमच्या मनात जे आलं असेल ते घाला, बसेल.

आता हे रिकाम्या गाडीचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. नाना एकतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसानं भरलेली ट्रॉली आली की काट्यावर उभी करायची, वजन घ्यायचं. ती आत जाऊन ऊस उतरवते आणि जाताना पुन्हा काट्यावर येते, रिकामी. दोन वजनांमधला फरक म्हणजे ऊस. रिकामं वजन झाल्याशिवाय पावती नाही. एका बड्या बागायतदाराचा ड्रायव्हर एकदा रिकामी गाडी न तोलता पसार झाला. मालकाचा फोन आला, "नाना, मांगली खेपनं वजन धरी ल्या ना. गाडी तीच शे." नाना म्हणाले, "गाडी तीच शे. चाकले चिखल तोच शे का?" गाडी बावीस किलोमीटरवरून परत आली, तोलली, मग पावती निघाली.

रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण काटा काही अंगातून गेला नाही. पेरूची फोडसुद्धा नाना तळहातावर घेऊन क्षणभर थांबतात. मंगलाबाई, त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणतो, त्या मुलगी पाहण्याच्या दिवसाचं सांगतात, "मले दखाले उनात तवय दोन मिनिटं नुस्ता दखत बसनात. मले वाटनं मुका शेत. काटा थिर व्हवानी वाट दखी ऱ्हायंतात."

तर साहेब नंदुरबारला सभेला आले. निवडणूक तोंडावर होती. गावातून फुकट गाड्या निघाल्या, मी नानांच्या शेजारी बसून गेलो. साहेबांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि नाना खिशातल्या छोट्या वहीत उभ्या रेघा मारत होते. परत येताना मी वही मागून घेतली. 'देश - ६२. कापूस - १. एस्टी - ०.' आणि खाली एक वाक्य, नानांच्या गोल अक्षरात: 'जो माझ्यासोबत नाही तो देशासोबत नाही.' त्याच्यापुढे रेघ नव्हती. प्रश्नचिन्ह होतं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानात नाना जे बोलले ते चार मिनिटांचं होतं, आणि मी सगळं टिपलं होतं. सुरुवातीला ते म्हणाले होते, "मी त्यासले तीनदा मत दिधं. आजून बी दिसू कदाचित. मानूस कामना शे. पन त्या म्हनतस, जो मन्हासंगे नही तो देशसंगे नही. मंग यंदा मी मत नही दिधं तं मी परदेशी व्हई जासू का? देशकरता बोली ऱ्हायनात का खुर्चीकरता, हाई इचारानं का नही?" मग ते भरलेल्या आणि रिकाम्या गाडीवर आले. खुर्ची असताना सगळेच देशाचं नाव घेतात, खुर्ची गेल्यावर जो घेतो त्याचं वजन खरं, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी साहेबांना लावलं, साहेबांच्या विरोधकांना लावलं, आणि मेलेल्या दोन पुढाऱ्यांनाही लावलं.

मी त्यातले शेवटचे एकोणीस सेकंद कापून घेतले. बाकीच्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना.

दुपारपर्यंत गावात दोनच विषय होते. एक, नाना साहेबांना देशद्रोही म्हणाले. दोन, नानाच देशद्रोही आहेत. मधलं काही नव्हतं. एस्टी थांब्यावर पोरं हाक मारायला लागली, "काय नाना, आज कोनाले तोली ऱ्हायनात?" एकानं तर "नाना, पासपोर्ट काढी ल्या, शेजारना देशमा जावानं शे," असंही म्हटलं.

ते ऐकून जब्बारचाचा ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता म्हणाले, "पितांबर, वो डायलॉग तो हमारे खाते का है. तुले कसा भेटना?"

नाना पोट धरून हसले. चाचाही हसले, पण चाचांचं हसणं आधी थांबलं. चाचा स्वतः राजकारणावर एक शब्द बोलत नाहीत. चाळीस वर्षं नाना त्यांच्या दुकानात बसून पेपर मोठ्यानं वाचतात आणि चाचा बुडबुडे बघतात. मत काय तुमचं, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणतात, "ते मशीनले ठाऊक."

संध्याकाळी सरपंच दुकानात आले. अमृतकाका. साहेबांच्या पक्षाचे तालुक्यातले खास. वाईट माणूस नाही. पहिली नोकरी त्यांना नानांनी लावली होती, आणि दर दिवाळीला ते नानांच्या पाया पडायला येतात. त्या दिवशीही आधी पाया पडले, मग बोलले.

"नाना, तुम्हले साहेबनी देशभक्तीवर शंका शे?"

"शंका नही रे अमृत. वजन बाकी शे, इतलंच."

"देशभक्ती काय ऊस शे का, तोलाले?"

"मंग स्टेजवरथून त्या काय करी ऱ्हायनात? कोन देशना, कोन नही, तोलीच ऱ्हायनात ना? काटा त्यासना, गाडी त्यासनी, आनि पावती बी त्याच फाडतस."

अमृतकाकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे वाक्य मी लिहून दिलं होतं. मग आवाज खाली आणला. "नाना, मले वरथून फोन उनात. ग्रुपवर दोन वळीनी माफी टाका. कंप्युटर टाइप करी देई. इषय बंद. सव्वीस तारीखले झेंडा नेहमीसारखा तुम्हीच बांधा."

नानांनी तेव्हा पहिल्यांदा हातातला पेपर खाली ठेवला.

आमच्या गावात ध्वज फडकवतात सरपंच, पण तो बांधतात नाना. चौतीस वर्षं. घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या, वर एक अशी गाठ मारायची की खांबाच्या टोकापर्यंत घट्ट राहील आणि खालून एक झटका दिला की सुटेल. शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी त्यांना ती शिकवली होती. त्यांची मुलगी ममता, सुरतेला दिली आहे, तिचं लग्न सव्वीस जानेवारीला निघालं तेव्हा नानांनी मांडवातून येऊन आधी झेंडा बांधला आणि मग जावयाचे पाय धुतले. नानांना गावानं कधी हार घातला नाही, की शाल दिली नाही. वर्षातून दोनदा खांबाजवळ जायला मिळतं, एवढंच त्यांचं पद.

शेजारच्या एका गावात एकदा झेंडा अडकला होता. सरपंच झटके देतोय, झेंडा सुटेना, शेवटी पोरगं खांबावर चढवलं. त्या माणसाला लोक अजून 'अडक्या' म्हणतात. त्याची नातवंडंसुद्धा 'अडक्याची नातवंडं' आहेत.

नानांनी पेपर पुन्हा उचलला. मग म्हणाले, "अमृत, माफी चुकनी मांगतस. इचारानी माफी मांगी, तं उद्या कोनी इचारनारच नही."

"मंग भाग्येश बांधी," अमृतकाका म्हणाले. भाग्येश म्हणजे त्यांचा पुतण्या. पपईच्या गाड्या भरतो, दंड भरदार, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. अमृतकाका निघताना पुन्हा पाया पडले. नानांनी डोक्यावर हात ठेवला.

मी सगळं ऐकत उभा होतो. रात्री मी नानांना म्हटलं, चार मिनिटांचा पूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, लोकांना कळेल. नाना म्हणाले, "आते टाकशी तं म्हनतीन, नाना घाबरी गया. ऱ्हाऊ दे. ज्याले इचारानं व्हतं त्यानी इचारं नही, आते सांगाले कसाले जावानं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नोटीस टाइप करायला मलाच सांगितलं. 'प्रजासत्ताक दिन. वेळ सकाळी साडेसात. ध्वजबांधणी: श्री. भाग्येश.' चौतीस वर्षांत या कामाचं नाव नोटिशीत कधी आलं नव्हतं. नाना करायचे तेव्हा ते कामच नव्हतं.

नोटीस घेऊन मी नानांकडे गेलो, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. काकू अंगणात होत्या. "ये, बस. देशद्रोहीना घरना चहा चाली ना तुले?" म्हणाल्या आणि कप इतका जोरात ठेवला की निम्मा बशीत आला. नानांनी नोटीस वाचली, दोनदा घडी घातली आणि एकच गोष्ट सांगितली. "भाग्येशले सांग, दोर सुती लेजो."

मी सांगितलं. भाग्येश हसला. "कंप्युटर, मी रोज दहा टन पपई बांधस. मले दोर शिकाडस? नायलॉन मजबूत ऱ्हास."

सव्वीसला मी सकाळी सहाला ग्रामपंचायतीच्या पटांगणात होतो. माइक, स्पीकर, देशभक्तीपर गाण्यांचा पेनड्राइव्ह, हे सगळं माझ्याकडे. थंडी अशी की माइकलाही कापरं भरलं होतं. भाग्येशनं झेंडा बांधला, खांबावर चढवला, पिवळी नायलॉनची दोरी खुंटीला गुंडाळली आणि अंघोळीला घरी गेला. शिपाई भिला मैदान झाडून चुना आणायला गेला. पटांगणात मी एकटा.

साडेसहाच्या सुमारास नाना फाटकाशी येऊन थांबले. फिरायला निघाले होते म्हणे. त्यांच्या फिरण्याचा रस्ता दुसरीकडून जातो हे मला माहीत होतं. ते वर बघत राहिले. दोन मिनिटं. काटा थिर झाला.

"कंप्युटर, ती ट्रॉलीनी गाठ शे."

मी वर पाहिलं. मला गाठ ती गाठच दिसली.

"ताडपत्री बांधतस तशी. जितली वढशी तितली आवळी. पोऱ्याना हातले रोज तीच सवय, त्यानी बी काय चूक?" एकतीस वर्षं त्यांच्या समोरून अशा गाठींच्या ट्रॉल्या गेल्या होत्या. अंधारात, पन्नास फुटांवरून ते सांगायचे की ही कुठल्या गावच्या माणसानं आवळली आहे.

आता माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण चुकांची यादी पूर्ण असावी. मला आनंद झाला. मी म्हटलं, "नाना, जाऊ द्या ना. अडकू द्या. साडेसातला सगळं गाव इथे असेल. झेंडा सुटणार नाही, मग तुम्हालाच बोलवायला येतील. सगळ्यांसमोर. माफी त्यांनाच मागावी लागेल." आणि माझ्या एकोणीस सेकंदांची फेड होईल, हे मी बोललो नाही.

नाना पुन्हा वर बघायला लागले. त्यांनाही ते दिसत असणार. अमृतकाका झटके देताहेत, गाव हसतंय, मग कुणीतरी म्हणतंय, नानाले बलावा. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर ते आलं सुद्धा, मी पाहिलं. मग त्यांनी मफलर सोडला आणि फाटक ढकललं.

"अडकना तं कोना अडकना? अमृतना का? खांबवर अमृतनं नाव शे का?" आणि पुढे, जरा वैतागून, "नातवंडेसले बी 'अडक्या' म्हनतीन रे. चाल, धर."

नानांनी खुंटीवरची दोरी सोडली, झेंड्याची घडी अलगद खाली घेतली आणि माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवली. पाकळ्या सांडू देऊ नको म्हणाले. भाग्येशची गाठ सोडवायला त्यांना दात लावावे लागले. पण नायलॉनवर त्यांची गाठ टिकेना. गुळगुळीत दोरी, झेंडा वर जाता जाताच सुटला असता.

"घर जाय. काकूकडथून मन्ही दोरी आन. पयत."

मी घडी नानांनी पायरीवर अंथरलेल्या मफलरवर ठेवली आणि पळालो. नानांची दोरी कुठे असते हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं पेटीत, कापडात गुंडाळून असेल. ती अंगणात दोन खांबांच्या मध्ये होती, आणि तिच्यावर काकूंची पातळं वाळत होती. पंचवीस हात सुती दोरी, चौतीस वर्षांतली कितवी कोण जाणे, वर्षातले दोन दिवस झेंड्याची आणि बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस कपड्यांची. उन्हात राहते, रोज ओढली जाते, म्हणून मऊ राहते, असं काकू म्हणाल्या. अमृतकाकांना हे कळलं असतं तर आणखी एक नोटीस टाइप करावी लागली असती.

काकूंनी का, कशाला विचारलं नाही. पातळं काढून माझ्याच खांद्यावर टाकली, दोरी सोडली, गुंडाळी केली. "आजून हौस फिटनी नही त्यासनी," म्हणाल्या. डोळे पदरानं पुसले आणि लगेच आवाज चढवला, "सांजले मले परत पाहिजे. नहीतर मन्हा पातळे धरी तूच हात वर करी उभा ऱ्हाशी."

"आणतो," मी म्हटलं.

नानांनी पिवळ्या दोरीच्या टोकाला पांढरी बांधली आणि वरच्या कप्पीतून ओढून घेतली. मग गाठ मारली. मी अगदी जवळून पाहिली. दोनदा फिरवून एक फास आत सारतात, वर अंगठ्यानं दाबतात, आणि दाबताना श्वास रोखतात. झेंडा चढला. पिवळी दोरी नानांनी नीट गुंडाळून ऑफिसच्या पायरीवर ठेवली.

"कोनाले बोलू नको."

"पण नाना…"

"बोलू नको म्हनं ना."

साडेसातला गाव जमलं. नाना सगळ्यात मागे, चिंचेखाली, जब्बारचाचांशेजारी उभे राहिले. भाग्येश नवा कुडता घालून खांबाजवळ आला, दोरीकडे पाहिलं आणि थबकला. पिवळीची पांढरी झाली होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पायरीवरची गुंडाळी त्याला दिसली. पण तोवर अमृतकाकांनी दोरी हातात घेतली होती.

एक झटका. झेंडा सुटला, अमृतकाकांच्या टोपीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या, पोरांनी आरोळी ठोकली. राष्ट्रगीत झालं. माझ्या जागेवरून मला नाना दिसत होते. गाताना ते झेंड्याकडे बघत नव्हते. गाठ जिथे होती तिथे बघत होते.

मग अमृतकाकांनी माझ्या हातून माइक घेतला. भाग्येशचं कौतुक केलं. तरुणांनी पुढं यायला हवं म्हणाले. आणि ओघात, फारसा विचार न करता, "काही लोकांना वाटतं, त्यांच्याशिवाय गावाचा झेंडा वर जात नाही. बघा, गेला की नाही?" टाळ्या पडल्या. भाग्येश टाळ्या वाजवत नव्हता. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

माइक परत माझ्या हातात आला. चालू होता. एक वाक्य, फक्त एक, आणि चारशे छत्तीस माणसं या वेळी समोर होती. मी तोंड उघडलं. चिंचेखाली नानांनी पंजा वर केला. काट्यावर गाडी थांबवायला करतात तसा. मी गाणं लावलं.

चाचांच्या मात्र लक्षात आलं होतं. त्या दोरीवर एका जागी निळा डाग आहे, काकूंच्या एका पातळाचा रंग गेला होता त्याचा, आणि चाचा त्या अंगणात आयुष्यभर चहा प्यायलेत. स्पीकरची वायर गुंडाळत मी जवळ गेलो तेव्हा ते नानांच्या कानाशी बोलत होते.

"पितांबर, ती भाभीनी कपडासनी दोरी शे."

"गप."

"आज तुन्ही रिकामी गाडी तोलाई गई रे."

"पावती फाडू नको," नाना म्हणाले. मफलर डोळ्यांपर्यंत ओढला आणि थंडी फार आहे म्हणाले. ऊन चांगलं आलं होतं.

चार दिवसांनी भाग्येश नानांच्या अंगणात आला. हातात दोन पपया. बराच वेळ बसला, पपईच्या भावाबद्दल बोलला, थंडीबद्दल बोलला. मग म्हणाला, "नाना, ती पिवळी दोरी मन्ही व्हती."

"मजबूत शे. पपईले चांगली," नाना म्हणाले.

काकूंनी चहा टाकला. भाग्येश म्हणाला की तो काकाला सांगणार आहे. नानांनी त्याला नाही म्हटलं. "त्याले वाईट वाटी. पाया पडस तो मन्हा." मग खाटेची सुटलेली दोरी हातात घेऊन त्यांनी त्याला गाठ दाखवली. भाग्येशच्या बोटांनी तीनदा ट्रॉलीचीच मारली. चौथ्यांदा जमली.

जाता जाता त्यानं विचारलं, "नाना, खरं सांगा. साहेबले तुम्ही देशभक्त मानतस का नही?"

"मले काय ठाऊक? मी रिकामी गाडी आजून देखी नही. व्हतीन बी. पन इचारं तं राग कसाले? काट्यावर ज्यानी खरा ऊस आना त्याले कधय राग उना नही."

भाग्येश हसला नाही. मान हलवून गेला. येत्या पंधरा ऑगस्टच्या नोटिशीत त्याचंच नाव आहे, आणि रोज संध्याकाळी तो खाटेची दोरी आवळायच्या निमित्तानं येऊन बसतो. आता त्या खाटेवर झोपलं तर पाठ मोडेल इतकी ती घट्ट झाली आहे. नाना अजूनही चाचांच्या दुकानात मोठ्यानं पेपर वाचतात आणि मध्येच थांबून विचारतात, हे देशाकरता का खुर्चीकरता. पोरं अजून हसतात, पण आता एखादा टायर ओढून बसतो.

मी बोलणार नाही असं नानांना कबूल केलं होतं, आणि बोललेलो नाही. लिहिलं आहे. गावाचं नाव घातलेलं नाही, आणि आमच्या गावात ग्रुपवर येतं तेवढंच वाचतात.

राहिली दोरी. त्या दिवशी संध्याकाळी भिलानं झेंडा उतरवला, दोरीसकट घडी केली आणि ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली अमृतकाकांकडे. मागायची तर कुणाची म्हणून मागू? मी शहाद्याहून नवी आणली, चांगली जाड. काकूंनी ती बोटांनी चाचपली आणि परत दिली. "हाई नको. मन्ही आन."

ऑफिसचा रस्ता त्यांच्या अंगणावरून जातो. रोज सकाळी त्यांची पातळं पेरूच्या फांद्यांवर, कुंपणावर, नानांच्या खुर्चीच्या पाठीवर पसरलेली असतात, आणि आतून आवाज येतो, "कंप्युटर, मन्ही दोरी?"

"उद्या, काकू," मी म्हणतो, आणि सायकल जोरात मारतो.